अथेन्स, स्पार्टा आणि शनिवारचा गणपती

मी ग्रीकांचा इतिहास शिकायला गेले, ते काही ग्रीकांच्या प्रेमापोटी नाही. आमचे हे गेल्यानंतर मुलगा मेलबर्नहून दर रविवारी फोन करायचा आणि एकच पालुपद लावायचा, "आई, घराबाहेर पड. काहीतरी जॉइन कर." शेवटी वैतागून लायब्ररीत गेले. पॉटरीचा वर्ग भरला होता. योगाला जागा होती, पण साताऱ्यात जन्मलेल्या बाईने इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये फी भरून गोऱ्या पोरीकडून सूर्यनमस्कार शिकायचे म्हणजे हद्दच झाली! उरला गुरुवार दुपारचा ग्रीक इतिहास. म्हटलं, चला, निदान दोन तास कुणीतरी आपल्यासमोर बोलेल तरी.

घरात बोलायला कोण होतं? सकाळी रेडिओ लावायचा, तो संध्याकाळी बंद करायचा. कधीकधी दुपारी फ्रिजशी बोलायचे आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. मला गाडी चालवता येत नाही. या गावात गाडी न येणं म्हणजे हातपाय असून नसल्यासारखं. प्रत्येक चौकात राउंडअबाउट, आणि प्रत्येक राउंडअबाउट आधीच्यासारखाच. हेच चालवायचे, मी शेजारी बसून सूचना द्यायचे. आता लायब्ररीला जायचं तर रेडवे नावाच्या त्या लाल पायवाटेवरून पाऊण तास चालत जायचं. अख्ख्या वाटेवर एखादा कुत्रा आणि त्याच्या मागून येणारा त्याचा मालक दिसला तर दिसला.

वर्गात आम्ही मोजकेच म्हातारे. शिकवणारे गृहस्थ शाळेतून निवृत्त झालेले, पांढऱ्या दाढीचे. सगळे त्यांना नावाने हाक मारत. माझी जीभ काही वळेना. मी 'सर' म्हणायचे आणि ते दरवेळी कानापर्यंत लाल व्हायचे.

पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं की अथेन्स, स्पार्टा, थीब्ज, कॉरिंथ ही सगळी एकाच भाषेची, त्याच देवांची माणसं. सण तेच, गाणी तीच. आणि शतकानुशतकं एकमेकांच्या उरावर बसलेली. कशावरून? तर पुष्कळदा दोन गावांच्या मधल्या एखाद्या डोंगराळ पट्ट्यावरून, जिथे धड ऑलिव्हही उगवत नाही. बाकीचे हसले. मी हसले नाही. मला आमचं मंडळ आठवलं.

त्याची गोष्ट अशी. आम्ही इथे आलो तेव्हा मराठी घरं इनमिन पाच-सहा होती. शॉपिंग सेंटरच्या बसस्टॉपवर मी एकदा माझ्या पोराला मराठीत झापत होते, तर मागून आवाज आला, "अगं, आणखी दोन शब्द बोल ना, किती दिवसांनी ऐकतेय!" ती नागपूरची. नवरा लवकर गेलेला, पदरात एक मुलगी, शाळेत नोकरी आणि स्वतःची लाल गाडी. त्या दिवसापासून आम्ही दोघी म्हणजे एकच घर. आमच्या मुलांना दोन आया होत्या. ह्यांच्या हाताला प्लॅस्टर होतं, तेव्हा महिनाभर तिनेच आम्हाला गावभर फिरवलं. गणपतीसुद्धा आम्ही दोघींनीच सुरू केला, आधी माझ्या बैठकीत, मग कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये.

आणि मग एका वर्षी तिने मीटिंगमध्ये प्रस्ताव मांडला, की गणपती चतुर्थीला न बसवता जवळच्या शनिवारी बसवावा. लोकांना रजा मिळत नाही, पोरांना शाळा असते. मी म्हटलं, "गणपतीचा जन्म काय वीकेंड बघून झाला का?" ती म्हणाली, "रिकाम्या हॉलमध्ये तुम्ही चौघं आरती म्हणणार का?" मी म्हटलं, "म्हणू!" झालं. शब्दाने शब्द वाढला. पुढच्या वर्षी दोन मंडळं, दोन गणपती, दोन व्हॉट्सअॅप ग्रुप. तिथीवाले आणि शनिवारवाले. हे बिचारे म्हणायचे, "मला दोन्हीकडचे मोदक चालतात." त्यांचं कोण ऐकतंय? माझं म्हणणं तेव्हाही बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे. चतुर्थी म्हणजे चतुर्थी. पण ती लाल गाडी आमच्या दारात यायची थांबली.

ही फूट पडल्यानंतर काही वर्षांनी हे गेले. हॉस्पिटलमधून मी टॅक्सीने घरी आले. आमच्याकडे माणूस गेला की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो. कुणी सांगावं लागत नाही. आमच्या तिथीवाल्यांनी फुलं पाठवली, कार्डं पाठवली, क्रेमॅटोरियमला सँडविचेस आणली, सगळं नीटनेटकं. पिठलं-भात काही आला नाही. मी दाराकडे कान लावून बसले होते, खोटं कशाला बोलू? ती आली नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. मी मनात म्हटलं, ठीक आहे बाई, संपलं.

फ्युनरलवाल्यांनी ह्यांची रक्षा एका हिरव्या प्लॅस्टिकच्या बरणीत दिली. अस्थी घरात ठेवायच्या नसतात. इथे झाड कुठे शोधणार टांगायला? म्हणून मी ती बरणी गॅरेजमध्ये ह्यांच्या गाडीत, ड्रायव्हिंग सीटवर ठेवली आणि सीटबेल्ट लावला. लेस्टरच्या पुढे सोअर नदी आहे, तिथे अस्थी सोडायला बोट मिळते. मुलगा म्हणाला, "डिसेंबरमध्ये येतो, मग जाऊ." डिसेंबरमध्ये त्याला रजा मिळाली नाही. मग ईस्टर म्हणाला, मग समर म्हणाला. मंडळातले लोक "काही लागलं तर सांगा काकू" म्हणायचे आणि तोवर त्यांची गाडी सुरू झालेली असायची. टॅक्सीने जायचं एकदा मनात आलं, पण मीटर बघत नवऱ्याच्या अस्थी सोडायच्या? छे! रोज संध्याकाळी गॅरेजचा दिवा लावून मी त्यांना दिवसभराचं सांगायचे. गाडीची बॅटरीसुद्धा केव्हाच मेली होती.

तर वर्गात एका गुरुवारी सरांनी लढाईनंतरचा रिवाज सांगितला. जिंकणारे मैदानावर लाकडाचा एक खांब उभा करायचे, शत्रूची ढाल-शिरस्त्राण त्यावर टांगायचे. तो लाकडाचाच हवा आणि मोडला तर दुरुस्त करायचा नाही, म्हणजे वैर कायमचं राहू नये. मी म्हटलं, शहाणे होते. आमच्याकडे दोन्ही मंडळांनी आपापल्या गर्दीचे फोटो फेसबुकवर टाकलेत, ते अजून तिथेच आहेत.

मग सर पुढचं बोलले. हरलेल्या बाजूची प्रेतं जिंकलेल्यांच्या ताब्यातल्या मैदानात पडलेली असत. ती न्यायला हरलेल्यांना दूत पाठवून परवानगी मागावी लागे. आणि परवानगी मागितली की हार कबूल केली, असाच त्याचा अर्थ. पण मागितल्यावर नाही म्हणायचं नाही, हा जिंकणाऱ्यांवर देवाधर्माचा दंडक.

"आणि कुणी मागितलीच नाही तर?" मी विचारलं. वर्गात मी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

तेव्हा ते म्हणाले, एकदा मागूनही अडलं होतं, आणि त्यांनी डेलियमच्या लढाईची गोष्ट सांगितली. अथेन्सवाले हरले, पण त्यांनी तिथलं अपोलोचं देऊळ बळकावून ठेवलेलं. त्यांचा दूत प्रेतं मागायला गेला. समोरचे थीब्जवाले म्हणाले, आधी देवळातून बाहेर पडा. अथेन्सवाले म्हणाले, जमीन आमच्या ताब्यात, म्हणजे देऊळही आमचं. दोन्ही बाजू देवाचं नाव घेऊन वाद घालत बसल्या, आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस माणसं थंडीत उघड्यावर पडून राहिली. दोघांचेही मुद्दे बिनतोड होते, असं सर म्हणाले.

माझ्या डोळ्यासमोर गॅरेज आलं. हिरवी बरणी, तिच्यावर आडवा सीटबेल्ट. मला तिथे वर्गातच रडू फुटलं. शेजारच्या बाईने टिश्यू पुढे केला आणि शिष्टाचार म्हणून खिडकीबाहेर बघितलं. चहाच्या वेळी मी सरांना म्हटलं, माझ्या डोक्यात मी कायम अथेन्सच्या बाजूने असते. ते म्हणाले, माझ्या वर्गात आजवर एकही स्पार्टन आलेला नाही.

तरी मी लगेच फोन केला असं समजू नका. एवढी सरळ मी नाही. तेवढ्यात गणपती आले. गेली काही वर्षं आयटीतली तरुण पोरं इथे ढिगाने आलीत, त्यांनी लेझर सेंटरचा, म्हणजे इथल्या क्रीडा संकुलाचा, भला मोठा हॉल घेतला होता. ढोल-ताशा, मोदकांचा स्टॉल, रांगच रांग. आमचं मंडळ तिथे जाऊन त्यांच्यात विरघळलं, शनिवारवाल्यांचंही तेच झालं. या पोरांना आमची लढाई ठाऊकच नव्हती. घरी तिथीला बसवतात, हॉलमध्ये शनिवारी, आणि कुणाच्या पोटात दुखत नाही. सरांनी शेवटच्या तासाला सांगितलेलंच होतं, अथेन्स आणि स्पार्टा एकमेकांशी लढून दमले आणि उत्तरेकडून मॅसिडोनियाने येऊन सगळंच घेतलं. आमचा मॅसिडोनिया हिंजवडीहून आला. रांगेत एक गोड पोरगी मला म्हणाली, "काकू, तुम्ही इथे नवीन का?" मी प्रसाद घेतला आणि रेडवेने चालत घरी आले. आयुष्यात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं, ह्यांच्या फ्युनरललासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन उचलला. नंबर पाठच होता. काय बोलायचं ते आधी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, पण तिचा "हॅलो" ऐकला आणि सगळं विसरले.

"मी बोलतेय," मी म्हटलं. "ह्यांना न्यायचंय. सोअरला. माझ्याकडे गाडी चालवणारं कुणी नाही."

मग ती म्हणाली, "अजून घरीच आहेत?"

"गॅरेजमध्ये."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मी शनिवारी मोकळी आहे," ती म्हणाली, आणि मग, "का तुला तिथी बघायचीय?"

तिला ते विचारल्याशिवाय राहवलं नाही, तिच्या जागी मलाही राहवलं नसतं. कॅलेंडर माझ्या समोरच लटकत होतं. मी त्याच्याकडे पाठ केली.

"शनिवार चालेल," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी ती आली. गाडी आता पांढरी होती. केस पिकलेले, उतरताना दाराला धरून उतरली. आम्ही गळ्यात वगैरे पडलो नाही. मी बरणी घेऊन बाहेर आले आणि मागचं दार उघडून ती सीटवर ठेवायला लागले.

"अगं, मागे कुठे ठेवतेस त्यांना?" ती ओरडली. "मागे बसलं की त्यांना मळमळायचं ना! पुढे ठेव."

बरणी हातात तशीच धरून मी उभी राहिले. खरंच की! हाताला प्लॅस्टर होतं तेव्हाही हे तिच्या शेजारी पुढे बसायचे आणि मी मागे पोरांबरोबर. ही गोष्ट आठवणारं माणूस या देशात माझ्याखेरीज एवढं एकच होतं. तिने बरणी माझ्या हातातून घेतली, पुढच्या सीटवर ठेवली, बेल्ट लावून एकदा ओढून पाहिला. मी माझ्या जुन्या जागी, मागे बसले.

मोटरवेला लागल्यावर तिने आरशातून बघत सांगितलं की घर विकलंय, पुढच्या महिन्यात ती लीड्सला मुलीकडे जातेय, कायमची. मी "बरं" म्हटलं.

नदीवर वारा होता. बोटवाल्याने हळू चालवली, मध्यावर इंजिन बंद केलं. मी वाकले तेव्हा तिने माझा दंड घट्ट धरला. रक्षा थोडा वेळ पाण्यावर दिसली, मग दिसेना.

परत कार पार्कमध्ये आल्यावर तिने गाडीची डिकी उघडून डबा काढला. पिठलं आणि भात.

"तेव्हाही केलं होतं," ती म्हणाली. "डबा घेऊन निघाले. तुझ्या राउंडअबाउटला दोन फेऱ्या मारल्या आणि घरी गेले. तू कळवलं नव्हतंस ना."

"मयताचं आमंत्रण देतात का गं?"

"इथे देतात बाई. इथे वेळ कळवतात. मला वाटलं, तुला मी नकोय."

मला तिला फाडफाड बोलायचं होतं. इतके दिवस मी दाराकडे कान लावून, आणि ही बया राउंडअबाउटवर! पण तोंडात पिठल्याचा घास होता आणि ते तिने अगदी माझ्यासारखं, लसूण जास्त घालून केलं होतं. आम्ही दोघी डिकीच्या कडेला टेकून जेवलो. डब्यात काही उरलं नाही.

मग मी सवयीने मागचं दार उघडलं. आत एक पायही टाकला होता.

"आता मागे कशाला?" ती हळूच म्हणाली, आणि तिने पुढचं दार उघडून धरलं.