वादी हजर आहे

ये इकडं, अशी जवळ सरक, म्हणजे कान धरता येईल. एवढी शिकलेली पोरगी तू, आन् एका शब्दापायी उपाशी झोपलीस म्हणे! तुझ्या आईनं सांगितलं. फोनवर मला धड ऐकू येत न्हाई, म्हणून लिहून राहिले. अक्षरं मी तुझ्या बापाच्या पाटीवरून शिकलेली, जरा सांभाळून वाच.

पोरगा तुला आवडला, त्याला तू आवडलीस. आता त्याची आई म्हणती, "पोरगी स्त्रीवादी हाय असं ऐकलंय. तसलं काही न्हाई असं तिनं एकदा तोंडानं सांगावं, मग पुढचं बोलू." आन् तू आईकरवी मला विचारतीस, "आजी, सांगून टाकू का?"

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तोही असाच, दबक्या आवाजात. अमकीला साखरेचा आजार हाय म्हणतात ना, तसा. सुटीत आलीस तेव्हा तुला अर्थ विचारला. तू म्हणालीस, बाईचा हक्क पुरुषाच्या बराबर मानणारं माणूस. मी म्हटलं, व्हय का? मला वाटलं कोर्टातली वादी! तू पोट धरून हसलीस. पण मला तसं काहून वाटलं, ते सांगायचं राहूनच गेलं.

तुझा आजा गेला तेव्हा तुझा बाप मांडीवर होता. थोरले दीर शेतावर माझं नाव लागू देईनात. "मी हाय ना सांभाळायला," म्हणायचे. माणूस वाईट नव्हता गं. तुझ्या बापाला खांद्यावर घेऊन औंढ्याची जत्रा दाखवायचे. पण नावाचा विषय निघाला की उठून जायचे. शेवटी मी दावा लावला.

कळमनुरीच्या कोर्टात पट्टेवाल्यानं पुकारलं, "वादी हजर है?" तर दीरच उठून उभे! घरातलं मोठं माणूस, कुठंही हाक आली की उठायची सवय. साहेब म्हणाले, "तुम्ही बसा. तुम्ही प्रतिवादी. वादी या बाई आहेत." मी उभी राहिले. पदर सावरला, आन् "हजर आहे" एवढं कसं कोण जाणे, खणखणीत निघालं.

बाहेर लिंबाखाली सासूबाई फडकं सोडून बसल्या होत्या. माझी आन् दिरांची, दोघांची भाकर एकाच फडक्यात. दीर लांबच घुटमळत होते. त्या ओरडल्या, "ए प्रतिवादी! येतोस का जेवायला, का समन्स धाडू?" दिरांना हसू आवरेना. आले, बसले, आन् ठेचा माझ्याकडं सरकवला. पुढं निकाल माझ्या बाजूनं लागला, तरी पेरणीला माझ्या शेतात पहिलं औत त्यांचंच आलं.

त्या दिवशी मी "वादी मी न्हाई" म्हटलं असतं, तर दिरांनी परतीच्या एस्टीत मला खिडकीशी जागा दिली असती. शेत न्हाई.

म्हणून सांगते, लेकरा, नाकारू नकोस. पण त्या बाईशी भांडूही नकोस. पोरगं हातचं जाईल, एवढीच धास्ती हाय तिला. तिला म्हणावं, व्हय, मी हाय तशी. आन् माझ्या आजीनं तुम्हाला जेवायला बोलावलंय. पोराला आण, त्याच्या आईलाही आण. हळद शिजवून वाळत घातलीय, अंगण सगळं पिवळं झालंय. नांदेडहून शिरड शहापूर काय लांब हाय? भाकरी मी थापते. ये लवकर.