वस्तऱ्याखालचं कौतुक

गल्लीतला न्हावी गोष्टी लिहायचा, म्हणून लोकांनी त्याचं नाव ‘कादंबरी’ पाडलं होतं. त्यालाही ते मनातून आवडायचं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गालांवर फेस चढला, की हा वस्तरा चालवता चालवता पाठ केलेली गोष्ट ऐकवायला लागायचा. जो तो म्हणायचा, छान. मासिकवाले मात्र तीच गोष्ट साभार परत पाठवायचे.

आधीच्या गोष्टी परत आल्या तेव्हा त्याने फारसं मनाला लावून घेतलं नव्हतं. पण ही आक्काची होती. आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनेच त्याला वाढवलं, आणि गेल्या वर्षी तीही गेली. आक्का कशी होती हे चार लोकांना कळावं, एवढंच त्याला हवं होतं. तेवढंही जमेना म्हटल्यावर त्याचं अन्नावरचं मन उडालं.

शेवटी बायकोने कान टोचले. “गळ्यावर वस्तरा असलेला माणूस छान म्हणणार नाही तर काय म्हणेल?”

बिचारा खजील झाला, पण मुद्दा पटला. दुसऱ्या दिवसापासून त्याने रीतच बदलली. आधी दाढी उरकायची, अंगावरचं कापड काढायचं, दार सताड उघडायचं, आणि मग गोष्ट सुरू करायची. ज्याला जायचं त्याने खुशाल जावं. आणि लोक गेले की! शिंप्याला अर्धवट शिवण आठवली, पोस्टमनला टपाल. गंमत म्हणजे सगळे उठायचे ते पहाटेच्या वर्णनात. धुकं, दवबिंदू, सोनेरी किरणं. जीव ओतून लिहिलेली दोन पानं. आक्का यायची त्यानंतर. म्हणजे तिच्यापर्यंत कुणी पोचतच नव्हतं. बहिणीला आपणच दाराबाहेर ताटकळत ठेवलं, या विचाराने त्याला भडभडून आलं.

त्याने पहाट काढून टाकली. काढताना जिवावर आलं. दुसऱ्याच्या डोक्यावर कात्री चालवणं सोपं असतं.

पुढचं गिऱ्हाईक घाईतला टॅक्सीवाला होता. दाढी होताच तो किल्ली फिरवत दाराशी पोचलासुद्धा. न्हाव्याने त्याच्या पाठीलाच ऐकवलं, “आक्काने मला केस कापायला शिकवलं, ते स्वतःच्या डोक्यावर.”

किल्ली थांबली. टॅक्सीवाला वळला, आधी खुर्चीच्या हातावर टेकला, मग नीट बसला. कमरेपर्यंतचे केस, धाकट्याच्या हातात कात्री, जिन्याच्या पायऱ्यांसारखं झालेलं डोकं. ते रुमालात बांधून कामावर जाणारी आणि कुणी हसलं तर त्याच्याहून मोठ्याने हसणारी आक्का. बाहेर टॅक्सीमागे अडकलेला कुणीतरी हॉर्न बडवत होता, पण याला शुद्ध नव्हती. गोष्ट संपली तरी तो उठेना.

“मग त्यांचे केस वाढले का हो परत?”

न्हाव्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. एका परक्या माणसाने आक्काची चौकशी केली होती.

“वाढले की,” तो म्हणाला. “मी दुकान थाटलं तरी वाढवतच होती. म्हणायची, असू देत, तुला कधी लागले तर.”

टॅक्सीवाला उठून दाराशी गेला. मग म्हणाला, “हे नाही आलं गोष्टीत.”

खरंच आलं नव्हतं. टॅक्सीवाला गेल्यावर न्हावी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतःच बसला, डोळे पुसले, आणि ते लिहून टाकलं.