कुणाचा खोकला?

“कुणाचा खोकला?”

अमेरिकेत, फ्रीमाँटमधल्या आमच्या शॉपिंग प्लाझात चिनी जडीबुटीचं दुकान होतं. तिथे जाऊन ‘खोकल्याचं औषध द्या’ म्हटलं, की दुकानाच्या मालकीणबाई मान वर न करता हेच विचारायच्या. इंग्रजी मोडकं, पण आवाजात जरब. ‘माझा’ म्हटलं की मनगटावर तीन बोटं, जीभ बाहेर, आणि मग झोपेपासून पोटापर्यंत उलटतपासणी. मला भयंकर राग यायचा. इथे मीटिंगला उशीर होतोय आणि ही बाई काल रात्री काय जेवलीस विचारतेय!

मग ड्रॉवरांतून मुळ्या, साली काढून तोलायच्या. “ही मुख्य. ही तिला मदत करणार. ही तिचा जोर आवरणार.” उष्ण-थंड मला आईनेच शिकवलेलं, त्यामुळे आलं उष्ण, मूग थंड, यावर आमचं लगेच जमलं.

एकदा माझी उरलेली पुडी मी शेजारच्या नागपूरच्या मैत्रिणीला दिली. आपण देतोच की. तिचा घसा आणखी कोरडा पडला. तिला घेऊन दुकानात गेले, तर बाईंनी मला सगळ्यांसमोर झापलं. “तुझा खोकला थंड, ओला. तिचा गरम, कोरडा. खोकला एक असेल, माणसं दोन आहेत.” मैत्रिणीला म्हणाल्या, “ताप आला तर डॉक्टरकडे जा. माझ्याकडे येऊ नकोस.”

गेल्या वर्षी दुकानाचं लीज संपत आलं. नव्या कराराचं भाडं त्यांना झेपणारं नव्हतं. तेवढ्यात एका औषध कंपनीचा माणूस प्रस्ताव घेऊन आला. खोकल्यावर सगळ्यांना एकच कॅप्सूल, बाटलीवर बाईंचं नाव आणि फोटो. हो म्हटलं तर दुकान वाचत होतं. त्यांची मुलगी फोनवरून “मॉम, प्लीज” करत होती. खोटं कशाला बोलू, मीही म्हटलं, “आंटी, हो म्हणून टाका ना.”

माझ्याकडे एक जळजळीत नजर टाकून त्या त्याच्याकडे वळल्या.

“बाटली नाडी बघते?” त्यांनी त्या माणसाला विचारलं.

तो हसला. त्या हसल्या नाहीत.

“मग माझं नाव नाही.”

महिन्याभरात दुकान रिकामं झालं. बाई दुसऱ्या राज्यात, मुलीकडे चँडलरला गेल्या. तुम्ही म्हणाल, हट्टापायी काय मिळवलं? दुकान गेलं, हे खरंच. मला अजून वाईट वाटतं. पण नाव त्यांनी विकलं नाही.

त्या कंपनीची ती बाटली आता आमच्या ग्रोसरी स्टोअरमध्ये मिळते. वरच्या फोटोत कुणी दुसरीच चिनी आजी आहे, गोड हसणारी. मी दर शनिवारी जाते आणि त्या सगळ्या बाटल्या भिंतीकडे तोंड करून ठेवते. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.