छत्तीस भरले

"बसायचं न्हाई! बसलेला मानूस गड बगत न्हाई, आपल्या चपला बगतो!"

गडाच्या पायथ्याशी गाडी थांबली की पहिली उडी हवालदारांची, आणि जमिनीला पाय लागताच हे वाक्य. पलटणीतून पेन्शनीवर आलेला कवठे महांकाळकडचा हा माणूस आमच्या सहलीच्या गाडीवर गाइड होता आणि मी ड्रायव्हर. सन पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. दर रविवारी पहाटे सांगली सोडायची. अजिंक्यतारा, वाई, पाचगणी, प्रतापगड करून परत. तुमच्यापैकी कुणी त्या गाडीत बसलं असेल तर घोटभर चहासुद्धा निवांत प्यायला मिळाला नसेल. त्यांच्या वतीनं माफी मागतो.

पसरणीच्या घाटात गाडी वळणं घ्यायची आणि हे बाकांमधून येरझाऱ्या घालायचे. "खाली कृष्णा बगा! आता वर कडा बगा! आवं काका, झोपाया आलाय व्हय?"

"हवालदार, बसा की, पडाल!" मी ओरडायचो.

"बसलो की संपलो, गड्या. पेन्शनीवर आल्याव एक म्हैना घरात काढला. भिंती अंगावर याया लागल्या. ही गाडी हाय म्हनून मी हाय."

मी हसायचो. मला ती थट्टा वाटायची.

गाडी सुटण्याआधी ते माणसं मोजत. खळ्यावर धान्य मापताना शेतकरी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. तसंच पहिल्या माणसाच्या खांद्याला हात लावून "लाभ", मग पुढच्याला "दोन", "तीन". मी सांगलीच्या पेठेत वाढलेला, खळं कशाला बघतोय! मला वाटायचं, लाभ म्हणजे मोजणीआधी देवाचं नाव घेतल्यासारखं काहीतरी. विचारलं मात्र कधी नाही. अति शहाणा ना मी!

त्या रविवारी पलूसच्या एक आजी एकट्याच आल्या होत्या. त्यांचे गुडघे धरलेले. जन्मात कुणाला बसू न देणाऱ्या हवालदारांनी त्यांना प्रतापगडावर भवानीच्या देवळात बसवलं आणि बाकीच्यांना घेऊन पुढं गेले. संध्याकाळी धुकं उतरायला लागलं. घरी माझी बायको आठ दिवसांची बाळंतीण, त्यामुळं माझं डोकं आधीच ठिकाणावर नव्हतं. कॉलेजची दोन पोरं बुरुजावर रेंगाळली म्हणून हवालदार त्यांना हाकायला पुन्हा वर गेले, आणि मी खाली बसून हॉर्नवर हॉर्न वाजवत होतो.

पोरं धावत येऊन चढली. हवालदार अजून पायऱ्यांवरच. म्हटलं, तेवढ्यात आपणच मोजून टाकू. काचेजवळच्या गणपतीच्या तसबिरीला हात लावला, "लाभ" म्हणालो आणि पहिल्या माणसापासून "दोन, तीन" करत गेलो. बरोबर छत्तीस भरले, सकाळी सांगलीहून निघताना होते तेवढेच.

हवालदार धापा टाकत दाराशी आले. "पलूसच्या आजी आल्या?"

"छत्तीस भरले! छत्तीस म्हणजे छत्तीस. चढा आता!"

माझ्या शब्दावर ते चढले.

महाबळेश्वरला चहाला थांबलो तेव्हा आजींच्या वाटणीचा कप हवालदारांच्या हातात तसाच राहिला.

"वळव गाडी."

घाटात त्यांनी एकच प्रश्न विचारला, कसं मोजलंस. मी सांगितलं.

"लाभ म्हंजी पयला मानूस रं," ते म्हणाले आणि काचेतून पुढच्या वळणाकडं बघत उभे राहिले. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

अंधुक उजेडात ते दोन-दोन पायऱ्या करत चढले, मी मागं. आजी ओसरीवर पुजाऱ्यानं दिलेलं घोंगडं पांघरून बसल्या होत्या. "आवं, तुमीच म्हनला हुता न्हवं, हितनं हलू नगा, मी न्याया येतो? म्या न्हाई हलले."

हवालदारांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग त्यांना पाठीवर घेऊन खाली आणलं. मी हात लावू लागलो तर लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रवाशांची तक्रार मालकांकडे गेली. आम्हा दोघांना बोलावणं आलं.

"मोजलं कुणी?" मालकांनी विचारलं.

"मी," हवालदार म्हणाले.

मी शेजारीच उभा होतो. त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं. बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरला, तर म्हणाले, "घरात तान्हं लेकरू हाय तुज्या. गप गाडी चालव." आणि एस.टी. स्टँडकडं अशा झपाट्यानं निघाले की मी मागंच राहिलो.

जाऊन भेटावं असं दर रविवारी वाटायचं. कुठल्या तोंडानं जायचं? असं करत दोन वर्षं घालवली. मग त्यांच्या गावचा एकजण स्टँडवर भेटला. "हवालदार? ते गेलं की दिवाळीच्या आदी. अंगनात नुसतं हिकडनं तिकडं फिरायचं. मग एक दिस हातरून धरलं."

मी त्यांच्या गावी गेलो. त्यांच्या कारभारणीनं दारातच ओळखलं.

"सांगलीचं डायवर न्हवं तुमी? ह्यांनी सांगून ठिवलंय, त्यो येईल, त्याला जेवल्याबिगर सोडू नगंस."

त्यांनी भाकरी वाढली, आमटी वाढली. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"वहिनी, त्या दिवशी मोजलं मी होतं."

"म्हाईत हाय, भावजी," त्या म्हणाल्या. "जेवा."