पाठमोरे आबा

आबा गेल्याची बातमी मला जळगावला, ऑफिसात, दुपारच्या डब्याच्या वेळी मोबाइलवर कळली. आमच्या पिंपळनेरच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा एक ग्रुप आहे. एरवी त्यावर वाढदिवसाचे केक आणि सकाळची फुलं येतात. त्या दिवशी आबांचा जुना फोटो आला आणि खाली ओळीने जोडलेले हात. पाचव्या की सहाव्या नमस्कारानंतर आमच्याच वर्गातल्या एकाने लिहिलं होतं, 'फार मोठा माणूस. धुळ्याच्या फायनलला तेवढा एक निर्णय चुकला, नाहीतर...' त्या तीन टिंबांनी माझं डोकं फिरलं. माणूस अजून घरातून उचलला नव्हता आणि ह्यांचं 'नाहीतर' सुरू! मी दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या, पुन्हा खोडल्या. शेवटी मीही हात जोडले आणि डबा न खाताच बंद केला. राग त्याचा आला होता की स्वतःचा, हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं.

देविदास आबा आमच्या शाळेचे क्रीडाशिक्षक. मूळचा माणूस कबड्डीचा. एका वर्षी शाळेला वरून कुठून तरी दोन फुटबॉल आले, आणि आलेच आहेत तर खेळू, एवढ्यावर आबांनी संघ उभा केला. चेंडू उसवला की पोती शिवायच्या दाभणाने स्वतः शिवायचे. मार्चच्या उन्हातही चेंडूंची जाळी सायकलच्या हँडलला टांगून, डोक्याला पंचा गुंडाळून मैदानावर पहिले हजर. रागीट होते, हेही लिहिलं पाहिजे, कारण गेलेल्या माणसाला लगेच संत करून टाकायची आपल्याकडे फार घाई असते. पास न देता एकट्याने चेंडू पळवणाऱ्याला ते असं काही बोलायचे की घरी सांगायची सोय नसे. त्यातलं बरंचसं माझ्या वाट्याला यायचं. मी कप्तान होतो. कप्तानाने पाणी सगळ्यांच्या शेवटी प्यायचं आणि जाळी त्यानेच उचलायची, असा त्यांचा नियम होता. मग कप्तान होऊन फायदा काय, असं मला तेव्हा वाटायचं.

आबांची एक सवय मात्र साऱ्या तालुक्यात चेष्टेचा विषय होती. सामना बरोबरीत सुटून पेनल्टीवर आला की ते मैदानाकडे चक्क पाठ फिरवायचे. लोकांसमोर, दोरीपाशी, हाताची घडी घालून उभे. गोल झाला की हुकला, ते बघायचेच नाहीत. लोक त्यांना हसायचे, चिडवायचे, हरत असलो तर शिव्याही द्यायचे, आणि आबा त्यांच्याकडे बघत राहायचे. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "लोकेसले दखाले कोनी तरी पाह्यजे ना? मी त्यास्ले दखस, तुमी चेंडूले दखा." मग सगळ्यांना जवळ घेऊन त्यांचं नेहमीचं वाक्य, "मन घाबरस तं घाबरू दे, पाय घाबराले नको. जित तुमनी, हार मनी. जा, खेया." एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. जिंकलात तर तुमचं, हरलात तर माझं.

सव्वीस वर्षांपूर्वी, आम्ही दहावीत असताना, धुळ्याला जिल्ह्याच्या फायनलमध्ये सामना पेनल्टीवर आला. त्यांच्या पाचांपैकी एक हुकली होती, आमच्या चारही आत गेल्या होत्या. पाचवी आत गेली की ढाल आमची. ती मारायची होती सुक्रामने. डोंगराकडच्या पाड्यावरून रोज चालत शाळेत येणारा, कमी बोलणारा मुलगा. त्याची पेनल्टी कधी हुकलेली कोणी पाहिली नव्हती. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते लोकांकडे वळले. जिल्ह्याचा संघ निवडणारे दोघे गोलमागे खुर्च्या टाकून बसले होते. मला ते दिसत होते. मी सुक्रामसमोर जाऊन म्हणालो, "दे, मी मारतो." तो म्हणाला, "आबानी माले सांगेल शे." मी म्हणालो, "कप्तान कोण आहे?" त्याने चेंडू दिला. आमच्या गावाहून आलेल्या लोकांनी काहीतरी आरडाओरडा केला, पण माझं लक्ष त्या दोन खुर्च्यांकडे होतं. चेंडू दांड्यावरून पार कुंपणाबाहेर गेला. बरोबरी झाली आणि पेनल्टीच्या पुढच्या फेरीत आम्ही हरलो.

संस्थेचे चेअरमन, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात, तरातरा आले. "सुक्रामऐवजी हा कसा?" आबा एक क्षणही थांबले नाहीत. म्हणाले, "ऐन वेळी मीच बदल केला, भाऊसाहेब. पोरांचं काही नाही." सुक्रामने माझ्याकडे बघितलं, मी बुटाच्या नाड्या सोडत बसलो. परतीच्या एस.टी.त आबा आम्हा दोघांच्या मागच्या बाकावर येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "हार मनी. ठरेल शे ना? मंग आते तोंडं उघडू नका." पिंपळनेरला उतरल्यावर त्यांनी जाळी नेहमीसारखी माझ्याच हातात दिली.

महिन्याभरात आबांकडून संघ काढून घेतला. क्रीडाशिक्षकाला ग्रंथालयात बसवून पुस्तकांना कव्हरं घालायला लावली! संघही दोन वर्षांत बंद पडला. 'फायनल बुडवणारा मास्तर' हे नाव त्यांना बाजारात चिकटलं. निवृत्तीनंतर आबा उन्हाळ्यात पांझरा नदीच्या कोरड्या पात्रात मुलींना फुटबॉल शिकवू लागले, तेव्हाही लोक म्हणत, पोरींनो, पेनल्टीचं तेवढं ह्यांना विचारू नका. आणि मी? मी विमा कंपनीत लागलो, जळगावला बदलून आलो, एजंटांना नेतृत्वावर व्याख्यानं देऊ लागलो. पडद्यावर एक वाक्य दाखवतो, 'यश संघाचं, अपयश माझं.' खाली माझं नाव, बाजूला माझा टाय घातलेला फोटो. लोक टाळ्या वाजवतात. एका बहाद्दराने ते वाक्य वहीत लिहून घेऊन त्याखाली माझी सही मागितली, आणि मी दिली.

मला आबांचाही राग येतो. कोणी सांगितलं होतं तुम्हाला? पोराच्या चुकीवर पांघरूण घातलं की पोरगं वाचतं, खरं आहे. पण ते पांघरुणाखाली सव्वीस वर्षं झोपूनही राहतं, त्याचं काय? दर दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन त्यांच्याकडे जायचो. ते दारातच विचारायचे, "काय कप्तान, पाय घाबरत नही ना?" मी हसायचो. ह्या दिवाळीलाही हसलो. तीच शेवटची भेट.

दहाव्याला गेलो तेव्हा आबांच्या पत्नीला, अक्कांना, मी सगळं सांगितलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. आबांनी घरीही सांगितलं नव्हतं! मला वाटलं होतं, अक्का रडतील, माझ्या पाठीवरून हात फिरवतील... माझा लोचटपणा बघा. अक्का तांदूळ निवडत होत्या, हात थांबला नाही. "चक्कीवर दळन लेवाले गऊ तरी बाया माले फायनलवरून बोलेत," त्या म्हणाल्या. "आते तू माले काबरं सांगस? ज्या लोके बोलनात, त्यास्ले सांग." आणि चहासुद्धा विचारला नाही.

तीन आठवड्यांनी शाळेच्या मैदानावर शोकसभा झाली आणि मग आबांनी शिकवलेल्या मुलींचा साक्रीच्या मुलींशी सामना. भाऊसाहेब आता थकलेत, पण माइक सोडत नाहीत. म्हणाले, "आबांचं योगदान मोठं. धुळ्याचा तो एक चुकीचा निर्णय सोडला, तर..." पुढचं भाषण माझं होतं. मी उठलो आणि आबांची शिस्त, आबांचा पंचा, आबांची सायकल, असलं सगळं गुळगुळीत बोलून खाली बसलो. बायकांच्या रांगेत अक्का माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्याकडे मला बघवेना.

सामना पेनल्टीवर गेला. आबांच्या मुली मारायला निघाल्या आणि निघता निघता दोरीजवळच्या त्या जागेकडे बघू लागल्या. तिथे कोणीच नव्हतं. मी उठलो, दोरी ओलांडली, मैदानाकडे पाठ केली आणि उभा राहिलो. समोर सोफ्यावर भाऊसाहेब, पलीकडे अक्का, कडेला आपल्या पिकअपला टेकून उभा सुक्राम. मी ओरडूनच बोललो, "भाऊसाहेब, धुळ्याला आबांनी काही बदललं नव्हतं. पेनल्टी सुक्रामची होती. मी कप्तानकी दाखवून ती त्याच्याकडून काढून घेतली. आबा माझ्यासाठी खोटं बोलले." भाऊसाहेब खांद्यावरची शाल सारखी करू लागले. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "भो, आते मॅच तं होऊ दे!" लोक हसले. सुक्राम हसला नाही. अक्कांनी पदर नीट केला आणि मैदानाकडे नजर वळवली. झालं, एवढंच. ह्या एवढ्यासाठी मी एका माणसाची सव्वीस वर्षं खाल्ली.

मग पेनल्टी सुरू झाल्या आणि मला एक गोष्ट कळली, जी त्या जागी उभं राहिल्याशिवाय कळणारच नव्हती. मैदानाकडे पाठ असली तरी सगळं दिसतं. कोण पुढे आली, तिने चेंडू कसा ठेवला, ती घाबरली की नाही, सगळं समोरच्या तोंडांवर दिसतं, आणि वर लोक ते ओरडून सांगतही असतात. आजवर मी स्वतःची समजूत घालत आलो होतो की आबांना काही कळलंच नव्हतं. ते वळले तेव्हा चेंडू कुंपणाबाहेर होता, मग बिचाऱ्यांचा नाइलाज झाला. पण धुळ्याला आमच्या गावचे लोक काय ओरडले होते, ते मला आता शब्दन् शब्द आठवलं. "हाऊ काबरं? सुक्राम कोठे शे?" हा का, सुक्राम कुठे, हेच ते विचारत होते. आबा त्यांच्यापासून चार हातांवर उभे होते. मी अजून चेंडू खाली ठेवलाही नव्हता. वळून मला अडवायला आबांना पुरेसा वेळ होता.