आई डॉक्टरांशी कानडीत बोलली

अंगात येणं, भुतंखेतं यांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. कुणी सांगायला लागलं की मी चेष्टा करायचो. म्हणूनच हे इतकी वर्षं घराबाहेर बोललो नाही...

१९७४ साल असेल. मी कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होतो. आई गावी, कोरेगावजवळ. ती दिवसेंदिवस खंगत चालली होती. गावच्या डॉक्टरांचा गुण येईना, म्हणून तिला मिरजेला एका नव्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. पॅसेंजरमध्ये मी तिला पढवत होतो, "नवीन डॉक्टर हायत, सगळं पहिल्यापासनं इचारतील. काय लपवायचं न्हाई."

"मला न्हाई जमायचं परक्या माणसापुढं. तूच सांग."

डॉक्टर वयस्कर, धारवाडकडचे. मराठी तोडकंमोडकं. त्यांनी विचारलं, "आई, मुलं किती?"

मी "दोन" म्हणणार, तेवढ्यात आई बोलायला लागली — कानडीत! अडखळणं नाही, घडाघडा. आमच्या वर्कशॉपमध्ये दोघं कानडी होते, त्यामुळे भाषा ओळखली, पण अर्थ कळेना. आईचं माहेर आमच्या गावापासून पाच मैलांवर. त्या दिवसाआधी ती कधी कराडच्याही पुढं गेली नव्हती. मी पोटचा पोरगा शेजारी बसलेलो, आणि मला त्यातलं अक्षर कळू नये!

डॉक्टर शांतपणे लिहून घेत होते. मग त्यांनी तिला नर्सबरोबर पडद्याआड पाठवलं.

"छातीत गाठ आहे म्हणतात. वर्ष झालं, लाजेनं सांगितलं नाही. आणि बाळंतपणं तीन. पहिली मुलगी, आठ दिवसांची होऊन गेली. बरोबर?"

"डॉक्टर, आम्ही दोघंच भाऊ. आणि... आईला कानडी येत नाही."

ते हसले. "अहो, माझ्या आईसारखं बोलतात त्या."

गाठ निघाली. ऑपरेशन वेळेवर झालं, आई वाचली. पण ती म्हणे, "मी कुठं काय बोलले? मी तर खाली मान घालून बसले हुते." पुढं मी मुद्दाम एका कानडी मित्राला जेवायला आणलं. तो बोलला, तर ही पदर तोंडाला लावून हसली, "काय म्हणतोय रं ह्यो?"

तो गेल्यावर मी धीर करून विचारलं, "आई, माझ्याआधी एक मुलगी झालीवती?"

ती भांडी घासत होती. हात तिथंच थांबले.

"तुला कुणी सांगितलं? तुज्या बानं शपथ घातलीवती, तिचं नाव काढायचं न्हाई म्हणून..." आणि ती रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

कुणी म्हणतं, लहानपणी कानावर पडली असेल भाषा. असेलही. पण ती नेमकी त्याच वेळी, तेवढ्यापुरती तोंडात कुठून आली, हे मला आजही सांगता येत नाही. मी पुन्हा विषय काढला नाही. आई मात्र कधीमधी आपणहून त्या मुलीबद्दल सांगायची. मराठीत.