गुरू ग्रहापर्यंत पायी

लकव्याचा झटका येऊन गेला आणि बाबांचा डावा पाय ओढला जाऊ लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की पहिल्या काही महिन्यांत चाललात तर पाय परत कामाला लागेल, बसून राहिलात तर असाच राहील. त्यातले दोन महिने बाबांनी ओसरीतल्या खुर्चीत बसून काढले.

बाबा रेल्वेत चाबीवाले होते. हातोडा खांद्यावर टाकून रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा, रूळ धरून ठेवणारी चाबी सैल झाली असेल तर ठोकून घट्ट करायची, हे त्यांचं काम. उभा जन्म चालण्यात गेलेला हा माणूस आता पुरानी बस्तीच्या गल्लीतून पाय ओढत चालायला तयार नव्हता. "लोकं पाह्यतात," एवढंच म्हणायचे. तेव्हा रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. रस्ते रुंद होत होते, रोज नवं ऑफिस उघडत होतं, आमच्या न्हाव्यानंही पाटी रंगवून 'राजधानी सलून' केलं होतं. सगळ्या गावाला घाई होती, आणि आमच्या घरात एक माणूस जागचा हलत नव्हता. मला त्यांची दया यायची आणि तितकाच रागही यायचा. धीर ही चीज मला देवानं दिलेलीच नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. मुलांना सूर्यमाला शिकवताना आकडे त्यांच्या डोक्यावरून जातात, म्हणून मी एक हिशोब मांडला होता: सूर्य दोन फुटांचा धरला तर कोणता ग्रह केवढा आणि किती लांब. एका सकाळी मी आईची गोल बाजारातून आणलेली दोन फुटी पितळी परात दाराला टांगली.

"हा सूर्य," मी बाबांना म्हणाले. "पंचवीस मीटरवर बुध आहे. मोहरीएवढा. पाहून येता का?"

"तुले शाळेत पोट्टे कमी पडले काय?" बाबा म्हणाले.

पण नजर गल्लीत गेली. अंतराचं नाव काढलं की त्यांना राहवत नसे. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जित्याची खोड हाये ते, मेल्याबिगर जात नाही." दुसऱ्या दिवशी ते काठी घेऊन बुधापर्यंत गेले. मोहरीचा दाणा मी शेजारच्या ओट्यावर चिकटपट्टीनं लावला होता. तो त्यांनी वाकून, चष्मा वर करून पाहिला आणि परत फिरले.

पुढच्या आठवड्यात शुक्र झाला, मग पृथ्वी. दोन्ही वाटाणे, पृथ्वी पासष्ट मीटरवर. मंगळ मुगाएवढा, शंभर मीटरच्या जरा अलीकडे. चालताना त्यांचं लक्ष पायावरून उडावं म्हणून मी विश्व कसं झालं ते सांगत राहायचे. सुरुवातीला सगळं एकाच जागी दाटलेलं होतं, अतोनात तापलेलं. मग ते पसरत गेलं, निवत गेलं, आणि अजूनही पसरतंच आहे.

"अन् त्याच्या आधी काय होतं?"

"माहीत नाही."

"कोणालेच?"

"कोणालाच नाही, बाबा."

ते थांबले, श्वास घेतला. "मंग बरं हाये. नाही माहीत त नाही म्हणाव. आमचा एक साहेब होता, त्याले सारंच माहीत राहे."

सूर्य कसा झाला हे त्यांना फार आवडलं. धूळ आणि वायूचा ढग आपल्याच भारानं गोळा झाला, जवळजवळ सगळा ऐवज सूर्यानं घेतला, आणि जे सांडलंलवंडलं त्यातून ग्रह झाले. मंगळ आणि गुरू यांच्या मधे तर नुसते दगड फिरतात. गुरूच्या ओढीमुळे त्यांचा ग्रह झालाच नाही. हे ऐकून बाबा हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच हसले असतील. "म्हणजे काम झाल्यावर रुळाच्या बाजूले गिट्टी उरते, तशी."

आता पुढे गुरू होता. आणि तिथं मी अडले. आतापर्यंतचे ग्रह शेजाऱ्यांसारखे लागून होते; गुरू एकदम तीनशे पस्तीस मीटरवर, थेट आटाचक्कीच्या दारात. मंगळावरून परत येतानाच बाबांचं कपाळ घामानं भिजायचं. अर्ध्या वाटेत बसले, लोकांनी उचलून घरी आणलं, तर ते पुन्हा उंबरठा ओलांडणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी लबाडी केली. गुरूसाठी छोटंसं संत्रं घेतलं आणि ते अर्ध्या वाटेवरच्या हातपंपाशेजारच्या भिंतीवर ठेवलं. खरं म्हणजे तिथं ती फिरत्या दगडांची गिट्टी असायला हवी होती.

बाबा तिथवर पोचले. चोराच्या मनात चांदणं, तसं मी उगाच मोठ्यानं म्हणाले, "झालं, गुरू आला."

त्यांनी संत्र्याकडे पाहिलंच नाही. मागे वळून दारावरच्या परातीकडे पाहिलं, एक डोळा बारीक केला. "तू किती म्हणली होती?"

"तीनशे पस्तीस मीटर."

"लाइनीवर पासष्ट-पासष्ट मीटरले इजेचे खांब राह्यतात. मी जन्मभर तेच मोजले. तीनशे पस्तीस म्हणजे पाच खांबाच्या वर. हे अडीच खांब हाये." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माहा पाय लंगडा हाये, पोरी. डोळा नाही."

मुलांना चुकीचं सांगितलं तर मी रात्रभर तळमळते, आणि इथे बापाला फसवलं होतं, तेही त्याची कीव करून. त्यांच्याकडे लोक ज्या नजरेनं पाहतील म्हणून ते घरात बसले होते, त्या नजरेनं पहिल्यांदा मीच पाहिलं होतं.

"ज्याची जागा जेथी हाये, तेथी ठेव त्याले," बाबा म्हणाले आणि घरी गेले.

पुढचे चार दिवस ते बाहेर पडले नाहीत. आई माझ्याशी बोलेना. मला वाटलं, संपलं सगळं, माझ्याच हातानं.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच चपला घातल्या. मी धावत जाऊन संत्रं आटाचक्कीच्या पायरीवर ठेवून आले. हातपंपापाशी ते थांबले नाहीत. पुढे नाली खोदून ठेवली होती, तिथे फळीवरून जाताना मी हात पुढे केला, तो त्यांनी काठीनंच बाजूला सारला. पाण्याचे हंडे घेऊन बायका उभ्या होत्या. चक्कीवाला दारातून पाहत होता. सगळे पाहत होते, आणि बाबा चालत होते. पाय जमिनीवर घासल्याचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू येत होता.

ते पायरीवर बसले. संत्रं बाजूला सरकवलं. चक्कीवाल्यानं पाणी दिलं, विचारलं, "बहुत दिन बाद, काका?"

"हव," बाबा म्हणाले.

मला रडू आलं आणि लगेच धडकीही भरली. इतके दिवस आकडेमोड करणाऱ्या मला एक गोष्ट सुचलीच नव्हती: गुरूच्या धास्तीत मी फक्त जाण्याचं अंतर धरलं होतं. त्यांचे दोन्ही गुडघे थरथरत होते, आणि घर तितकंच लांब होतं. कोपऱ्यावर एक सायकलरिक्षा उभी होती. मी डोळे पुसत हळूच विचारलं, "बाबा, रिक्षा बोलावू?"

त्यांनी उरलेलं पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला आणि काठी टेकून उठले.

"थकली काय? मंग बस तू रिक्षात," ते म्हणाले. "मी घरून निघालो तवाच जाऊन-येऊन दहा खांब धरले होते."